जुना टर्नटेबल घेताना: पारख, जुळणी आणि पहिली रेकॉर्ड

रेकॉर्ड वाजवणाऱ्या यंत्रात, म्हणजे टर्नटेबलमध्ये, जवळजवळ सगळं दुरुस्त होतं. बेल्ट तुटला तर नवा मिळतो, मोटर अडली तर कारागीर सापडतो, झाकणाला तडा गेला तरी यंत्र चालतं. रेकॉर्डची खाच मात्र एकदा घासली गेली की संपली, ती भरून येत नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात निघालेली एखादी तबकडी आज तुमच्या हातात चांगल्या अवस्थेत येते, याचा अर्थ आजवर तिच्यावर कुणी खराब सुई टेकवलेली नाही. ती तशीच राहावी हा इथल्या प्रत्येक सल्ल्यामागचा हेतू आहे. त्यामुळे पेटीचं लाकूड, पितळी कर्णा, मॉडेलचं नाव यांना इथे शेवटचं स्थान आहे. सुई आणि टोनआर्म (सुई धरणारा दांडा) पहिले.

घरात काय आहे ते आधी पाहा

टर्नटेबल शोधायला निघण्यापूर्वी माळ्यावरचा गठ्ठा खाली काढा. बारा इंची, वाकवली तर किंचित वाकणारी रेकॉर्ड म्हणजे एलपी. ती मिनिटाला ३३ १/३ फेऱ्यांनी वाजते. सात इंची बहुतेक ४५ ची. दहा इंची, जड, जाड आणि हातातून पडली तर फुटणारी तबकडी ७८ ची. ही ७८ ची तबकडी लाखेची असते, व्हिनाइलची नव्हे, आणि तिची खाच एलपीच्या खाचेपेक्षा कितीतरी रुंद असते. मराठी घरांत आजोबांच्या काळचा साठा निघाला तर त्यात ७८ च्या तबकड्या हमखास असतात, कारण भारतात त्या इतर देशांच्या मानाने बऱ्याच उशिरापर्यंत निघत राहिल्या.

हे आधी पाहायचं कारण असं, की १९७० आणि ८० च्या दशकांतल्या बऱ्याच चांगल्या टर्नटेबलांना ७८ चा वेग नसतोच. टेक्निक्सच्या प्रसिद्ध एसएल-१२०० एमके२ वरही फक्त ३३ आणि ४५ आहेत. साठा ७८ चा असेल तर तो वेग असलेलं यंत्र शोधावं लागेल आणि वेगळी जाड सुईही लागेल. एलपीची सुई सुमारे १८ मायक्रॉन त्रिज्येची असते, ७८ ची साधारण ७५ मायक्रॉनची. एलपीच्या सुईने ७८ वाजवली तर सुई खाचेच्या तळाशी घासत जाते, खरखर ऐकू येते आणि लाखेतल्या कणांमुळे हिरा लवकर झिजतो. उलट केलं तर आणखी वाईट, जाड सुई एलपीची खाच फाडते.

काय घ्यावं, काय टाळावं

ठरवलेल्या रकमेतला अर्धाच भाग यंत्रावर खर्च करा. उरलेला अर्धा नवी सुई किंवा कार्ट्रिज (सुई जिच्यात बसते ती छोटी पेटी), बेल्ट, फोनो प्रीअँप (कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणारं उपकरण), सुईचा भार मोजायचा छोटा काटा आणि रेकॉर्ड धुण्याचं साहित्य यांत जातो. हा हिशेब न करता सगळे पैसे यंत्रावर घातले की पुढे सहा महिने जुन्या सुईवर रेकॉर्ड्स घासल्या जातात.

नवख्या माणसासाठी सर्वांत सुरक्षित निवड म्हणजे १९७० ते ८५ च्या सुमाराचा जपानी किंवा युरोपीय टर्नटेबल, ज्याच्या टोनआर्मच्या मागे फिरवून जुळवता येणारं वजन आहे आणि पुढे चुंबकीय कार्ट्रिज बसतं. टेक्निक्स एसएल-बी२ आणि एसएल-डी२, पायोनियर पीएल-१२डी, ड्युअल सीएस ५०५, थोरेन्स टीडी १६६, रेगा प्लेनार ३ ही काही नावं. नावापेक्षा समोरचा नग महत्त्वाचा. नीट सांभाळलेला साधा बेल्टचा टर्नटेबल हा पबमध्ये दहा वर्षं राबलेल्या महागड्या टर्नटेबलपेक्षा कधीही बरा.

एचएमव्ही फिएस्टासारखे जुने उचलून नेण्याजोगे प्लेअर आणि रेडिओग्राम (रेडिओ आणि प्लेअर एकाच पेटीत) दिसायला देखणे असतात, पण त्यांत सिरॅमिक कार्ट्रिज असतं. त्याची सुई पाच-सात ग्रॅमच्या भाराने खाचेवर दाबते, तर चुंबकीय कार्ट्रिजला दीड ते तीन ग्रॅम पुरतात. शिवाय त्यातली सुई बहुतेक वेळा कित्येक वर्षांत बदललेली नसते. आठवण म्हणून असा प्लेअर जरूर ठेवा, आवडती एलपी मात्र त्यावर लावू नका. घरात असलाच तर त्याच्या कार्ट्रिजची छोटी कळ पाहा. तिच्या एका बाजूला एलपीची सुई असते, दुसऱ्या बाजूला ७८ ची, आणि चुकीची बाजू खाली असणं ही फार नेहमीची गोष्ट आहे. नव्या स्वस्त सूटकेस प्लेअरबद्दलही मत तेच, कारण त्यांच्या बहुतेकांत भार जुळवताच येत नाही.

पितळी कर्ण्याच्या चावीच्या ग्रामोफोनवर एलपी कधीही, एकदासुद्धा लावायची नाही. त्याचं साउंडबॉक्स (सुई धरणारा गोल डबा) शंभर ग्रॅमहून जड असतं आणि सुई पोलादी. एका वाजवण्यात खाच जाते.

सरळ रेषेत सरकणाऱ्या टोनआर्मचे टर्नटेबल पहिल्या खरेदीसाठी टाळा. आत छोटे बेल्ट, दोऱ्या आणि सेन्सर असतात. बिघडलं की दुरुस्त करणारा मिळणं कठीण.

वीज: इथेच सर्वांत जास्त लोक फसतात

मागची किंवा तळाची पट्टी वाचल्याशिवाय यंत्र बोर्डला लावू नका. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. जपानच्या घरगुती बाजारातला टर्नटेबल १०० व्होल्टचा, अमेरिकेतला १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचा. थेट लावला तर जळतो. व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरने उतरवता येतं (टर्नटेबल फार वीज खात नाही, ५० ते १०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर भरपूर झाला, मात्र १०० व्होल्टच्या यंत्राला १०० चाच घ्या, ११० चा नको). हर्ट्झ मात्र ट्रान्सफॉर्मरने बदलत नाहीत.

पायोनियर पीएल-१२डीसारख्या टर्नटेबलांत एसी सिंक्रोनस मोटर असते आणि तिचा वेग थेट हर्ट्झवर ठरतो. ६० हर्ट्झची पुली (मोटरच्या टोकावरचं बेल्टचं छोटं चाक) असलेलं यंत्र आपल्याकडे सहातले पाच हिस्से वेगाने, म्हणजे ३३ १/३ ऐवजी सुमारे २७.८ फेऱ्यांनी फिरतं. गाणं तीन स्वरांतरांनी, म्हणजे साधारण तीन काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांनी उतरतं. सोपा उपाय म्हणजे ५० हर्ट्झची पुली मिळवणं. डीसी मोटरच्या किंवा क्वार्ट्झच्या डायरेक्ट ड्राइव्हला (ज्यात मोटर बेल्टशिवाय रेकॉर्डखालची चकती थेट फिरवते) हा प्रश्न येत नाही. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून बॅगेतून टर्नटेबल मागवणार असाल तर आधी त्याची मोटर कोणती ते पक्कं करा. ब्रिटन आणि युरोपच्या बाजारासाठी बनलेली यंत्रं ५० हर्ट्झचीच असतात, म्हणून तिकडून आलेले गॅरार्ड, ड्युअल, थोरेन्स आपल्याकडे सुखाने चालतात. निर्यातीसाठी बनवलेल्या जपानी यंत्रांवर पुष्कळदा मागे किंवा प्लॅटरखाली (रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या चकतीखाली) व्होल्टेज निवडायची खिट्टी असते; ती कुठे लावली आहे ते आधी पाहा.

वायर कापडी आवरणाची किंवा तडकलेली असेल तर लावूच नका. ती बदलायला इलेक्ट्रिशियन फार वेळ घेत नाही, आणि धातूच्या पेटीत करंट उतरला तर जिवावरची गोष्ट आहे.

विक्रेत्याकडे जाताना

मुंबईत चोरबाजारातली मटण स्ट्रीट, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, कोलकात्यात फ्री स्कूल स्ट्रीट ही ओळखीची ठिकाणं. तिथे रेकॉर्ड्स चाळायला जरूर जा. टर्नटेबल मात्र शक्य असेल तर घरमालकाकडून, वाजवून दाखवायला तयार असलेल्या माणसाकडून घ्या. ‘मोटर फिरते, पिन (म्हणजे सुई) तेवढी बदला’ हे वाक्य बाजारात सगळीकडे ऐकू येतं. मोटर फिरणं ही टर्नटेबलची फार छोटी परीक्षा आहे.

सोबत एक टॉर्च, छोटा स्क्रूड्रायव्हर, दहापट मोठं दाखवणारं भिंग, कागदी चिकटपट्टी आणि एक एलपी न्या. ती एलपी खराब झाली तरी चालेल अशी असावी, कारण समोरच्या सुईची अवस्था तुम्हाला माहीत नसते.

वीज बंद असतानाच निम्मी पाहणी होते. प्लॅटर बोटाने फिरवा. तो शांतपणे बराच वेळ फिरत राहिला पाहिजे. करकर, घासणं किंवा डुलणं नको. डोळे प्लॅटरच्या पातळीवर आणून त्याची कड वरखाली होते का ते पाहा. किंचित चालेल, स्पष्ट दिसली तर प्लॅटर वाकलाय किंवा आतलं बेअरिंग झिजलंय. बेल्टचं यंत्र असेल तर रबरी मॅट काढून प्लॅटर उचला. बेल्ट नसणं किंवा विरघळून डांबरासारखा चिकटलेला असणं यात घाबरण्यासारखं काही नाही, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवा लावता येतो. मात्र त्या निमित्ताने किंमत उतरवून घ्या. आयडलर चाकाचं यंत्र (ज्यात रबरी चाक प्लॅटर फिरवतं: जुने गॅरार्ड, बीएसआर, ड्युअल १२१९) असेल तर रबरी चाकाला नख लावून पाहा. रबर दगडासारखं कडक झालं असेल किंवा एका जागी चपटलं असेल तर दर फेरीला थप-थप ऐकू येईल.

मग टोनआर्म, आणि इथे अजिबात घाई करू नका. हेडशेल (टोनआर्मच्या टोकाचा, कार्ट्रिज धरणारा भाग) दोन बोटांत हलकेच धरून पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे किंचित हलवा. बेअरिंगमध्ये खटखट किंवा ढिलेपणा जाणवला तर ते यंत्र सोडून द्या. त्यानंतर मागचं वजन फिरवून टोनआर्म तराजूसारखा तोलून धरा, म्हणजे पुढचं टोक ना वर जाईल ना खाली, तो हवेत आडवा तरंगेल. आता त्यावर हळूच फुंकर घाला. तो आतबाहेर अगदी मोकळा सरकला पाहिजे. मध्येच कुठे अडखळला, ठराविक जागी थांबला किंवा झटक्याने गेला तर बेअरिंग किंवा आतल्या तारांमध्ये दोष आहे. मागचं वजनच गायब असेल तर घेऊ नका. त्या मॉडेलचं नेमकं वजन शोधण्यात महिने जातात, आणि दुसरं कुठलंतरी बसवलं की भाराचे आकडे खोटे ठरतात. कार्ट्रिजवर नाणं चिकटवलेलं दिसलं तर समजा की त्या सुईखाली बऱ्याच रेकॉर्ड्स गेल्या. सुई झिजल्यामुळे उड्या मारत होती आणि कुणीतरी वजन वाढवून काम भागवलं.

हेडशेल नसणं तेवढं गंभीर नाही. चार पिनांचं, फिरवून घट्ट होणारं नेहमीचं हेडशेल असेल तर ते सहज मिळतं. काही टर्नटेबलांत कार्ट्रिज थेट खोबणीत दाबून एका स्क्रूने बसतं. याला पी-माउंट म्हणतात, भार १.२५ ग्रॅमवर ठरलेला असतो आणि कोन जुळवावा लागत नाही. नवख्यांना हे सोयीचं आहे, पण कार्ट्रिजचे पर्याय कमी.

आता वीज लावा. प्लॅटरच्या कडेवर ठिपके आणि शेजारी लुकलुकणारा दिवा असेल तर ३३ ला ५० हर्ट्झची ओळ स्थिर दिसायला हवी. ठिपके नसतील तर रेषांचं छापील वर्तुळ प्लॅटरवर ठेवून विजेच्या दिव्याखाली पाहता येतं, रेषा स्थिर दिसल्या की वेग बरोबर, पण ५० हर्ट्झला ३३ १/३ साठी १८० रेषांचं वर्तुळ लागतं. परदेशी साइटवरचं ६० हर्ट्झचं वर्तुळ २१६ रेषांचं असतं, ते इथे चुकीचं उत्तर देतं. शिवाय बरेच एलईडी दिवे पुरेसे लुकलुकत नाहीत. सर्वांत साधी रीत म्हणजे प्लॅटरच्या कडेला कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि मोबाइलच्या घड्याळावर तीन मिनिटं फेऱ्या मोजा. बरोबर शंभर व्हायला हव्यात. एखादी फेरी कमी-जास्त म्हणजे एक टक्का फरक, तो पुष्कळदा वेगाचा स्क्रू फिरवून जातो. पाच-सहा फेऱ्यांचा फरक असेल तर कारण शोधल्याशिवाय पैसे देऊ नका.

रेकॉर्ड लावून दोन्ही बाजूंनी आवाज येतो का ते ऐका. लांब ताणलेला स्वर असलेला तुकडा निवडा: पियानो, सतार किंवा तानपुऱ्याची आस. स्वर डोलत असेल तर बेल्ट, आयडलर किंवा मोटरमध्ये दोष आहे. तबल्याच्या तुकड्यात हे लपून जातं. टोनआर्म आपोआप परत येणारं यंत्र असेल तर पूर्ण चक्र एकदा चालवून पाहा. मध्येच अडकलं तर जोर लावू नका. आतलं ग्रीस घट्ट झालेलं असतं, ते साफ करून नवं लावलं की बहुतेक यंत्रं सुरळीत होतात. ड्युअलमध्ये मुख्य तरफेच्या टोकावर एक इवलीशी रबरी टोपी असते. ती झडली की टोनआर्म भलत्याच जागी उतरतो आणि लोक अख्खं यंत्र बाद ठरवतात.

घरी आणताना

टर्नटेबलांची मोडतोड बहुतेक वेळा प्रवासात होते. मागचं वजन आणि हेडशेल काढून वेगळं गुंडाळा, प्लॅटर काढून वेगळा ठेवा, टोनआर्म त्याच्या आधाराला मऊ पट्टीने बांधा. स्प्रिंगवर तरंगणारं यंत्र असेल तर वाहतुकीचे स्क्रू घट्ट करा, आणि घरी आल्यावर ते सोडायला विसरू नका. तसेच राहिले तर मोटरची घरघर थेट सुईत येते. कुरिअरने मागवत असाल तर प्लॅटर वेगळा बांधायला विक्रेत्याला लेखी सांगा. दीड-दोन किलोचा प्लॅटर स्पिंडलवर (मधल्या दांड्यावर) तसाच ठेवून पाठवला तर बेअरिंग आणि झाकण दोन्ही जातात.

सुई: इथे काटकसर नको

जुन्या यंत्राबरोबर आलेली सुई झिजलेलीच आहे असं धरून चाला. विक्रेता कितीही सांगो, भिंगातून खात्री होत नाही. झीज नीट ओळखायला सूक्ष्मदर्शक आणि सराव लागतो. आधी कार्ट्रिजचं नाव वाचून त्याची सुई अजून मिळते का ते पाहा. शुअरने २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणं थांबवलं, पण त्यांच्या बऱ्याच मॉडेलांना जिको या जपानी कंपनीच्या सुया बसतात. सुई मिळत नसेल किंवा महाग पडत असेल तर नवं कार्ट्रिजच घ्या. ऑडिओ-टेक्निका एटी-व्हीएम९५ई हे सुरुवातीला उत्तम आहे, भार २ ग्रॅम. याच्या बॉडीवर ७८ ची वेगळी सुईही चढते (तिला ५ ग्रॅम लागतात), म्हणून दोन्ही प्रकारच्या तबकड्या असलेल्या घराला हे फार सोयीचं पडतं. ऑर्टोफोन २एम रेडचा भार १.८ ग्रॅम.

जुळणी, क्रमाने

१. टर्नटेबल जड, न हलणाऱ्या फर्निचरवर ठेवा, स्पीकरच्या फळीवर नको. पाणसळ प्लॅटरवर ठेवून पाय कमी-जास्त करा. पंख्याच्या बरोबर खाली जागा असेल तर सतत धूळ बसते.

२. कार्ट्रिज हेडशेलला लावा. दोन भोकांतलं अंतर १२.७ मिमी, स्क्रू २.५ मिमीचे. तारांचे रंग ठरलेले आहेत: लाल उजवा, हिरवा उजव्याचा अर्थ (अर्थिंग), पांढरा डावा, निळा डाव्याचा अर्थ. टोप्या बारीक चिमट्याने सरकवा. बसत नसतील तर जोर न लावता टोपी किंचित उघडा, नाहीतर कार्ट्रिजची पिन तुटते. या सगळ्या वेळात सुईवर तिचं प्लास्टिकचं आवरण असू द्या.

३. आवरण काढून टोनआर्म शून्यावर तोला. अँटीस्केटिंग (टोनआर्मची आत ओढ तोलणारी कळ) शून्य ठेवा. टोनआर्म तरंगू लागला की मागच्या वजनावरची आकड्यांची चकती तेवढी फिरवून ० समोर आणा. वजन स्वतः हलू देऊ नका.

४. आता वजन चकतीसकट फिरवून कार्ट्रिजच्या माहितीपत्रकातला भार लावा आणि इलेक्ट्रॉनिक काट्यावर पडताळा. जुन्या चकत्यांवर फार विसंबू नका. भार कमी ठेवला म्हणजे रेकॉर्ड वाचते हा गैरसमज आहे. हलकी सुई मोठ्या आवाजाच्या जागी खाचेच्या भिंतींवर आपटते आणि जड सुईपेक्षा जास्त नुकसान करते. दिलेल्या मर्यादेच्या मध्यावर किंवा थोडा वर भार ठेवा.

५. अँटीस्केटिंगचा आकडा भाराइतकाच लावा.

६. कार्ट्रिजचा कोन जुळवण्यासाठी कोनमापक कागद छापून स्पिंडलवर बसवा. छापताना आकार शंभर टक्के ठेवा आणि नंतर फूटपट्टीने मोजा, प्रिंटर हमखास थोडं लहान करतात. नेहमीच्या कागदावर स्पिंडलच्या मध्यापासून ६६.० आणि १२०.९ मिमीवर दोन बिंदू असतात. दोन्ही ठिकाणी सुई बिंदूवर आणि कार्ट्रिजच्या कडा रेषांना समांतर येईपर्यंत कार्ट्रिज पुढे-मागे सरकवा. पहिल्यांदा या कामाला तासभर लागतो आणि तो लागू द्यावा. एलपीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेमी खाच सरकते, शेवटच्या गाण्यापाशी जेमतेम २१ सेमी. तेवढ्या छोट्या लांबीत तोच आवाज कोंबलेला असतो, म्हणून कोन चुकला की शेवटच्या गाण्यात ‘स’ आणि ‘श’ फाटतात.

७. रेकॉर्डवर सुई टेकलेली असताना बाजूने पाहा. टोनआर्म रेकॉर्डला समांतर दिसला पाहिजे. नंतर भार पुन्हा एकदा मोजा.

जोडणी

चुंबकीय कार्ट्रिजमधून अवघे तीन ते पाच मिलिव्होल्ट येतात. शिवाय रेकॉर्डची खाच कोरताना खर्ज कमी आणि तार स्वर वाढवून ठेवलेले असतात, दोन्ही टोकांना जवळजवळ २० डेसिबलपर्यंत. हा हिशेब उलटा करून आवाज वाढवण्याचं काम फोनो प्रीअँप करतो. अँप्लिफायरला ‘फोनो’ असं इनपुट असेल तर प्रीअँप त्यातच आहे. नसेल तर वेगळा घ्या आणि तो ऑक्सला (अँप्लिफायरच्या साध्या इनपुटला) जोडा. थेट ऑक्सला जोडलं तर आवाज अगदी बारीक, कोरडा, पत्र्यासारखा येतो. उलट, टर्नटेबलमध्येच प्रीअँप असताना तो फोनोला जोडला तर आवाज फाटतो आणि खर्ज घुमतो. सिरॅमिक कार्ट्रिजचा सिग्नल मोठा असतो, ते ऑक्सला थेट चालतं.

अर्थची बारीक तार विसरू नका. ती प्रीअँपच्या अर्थच्या स्क्रूला लावायची असते. घूं असा सतत आवाज आला तर नव्वद टक्के वेळा तीच सुटलेली असते. उरलेल्या वेळी हेडशेलचे काळवंडलेले संपर्कबिंदू किंवा प्रीअँपशेजारी ठेवलेला ट्रान्सफॉर्मर कारणीभूत असतो. एकाच बाजूने आवाज येत असेल तर मागच्या तारा डावी-उजवी बदलून पाहा. गप्प असलेली बाजू बदलली तर दोष टर्नटेबलकडे आहे, आणि तिथे आधी हेडशेलच्या चार पिना खोडरबराने पुसा. सुई आत किंवा बाहेर घसरत असेल तर भार आणि अँटीस्केटिंग पुन्हा तपासा. एकाच जागी अडकत असेल तर बहुतेक रेकॉर्डमध्ये घाण किंवा ओरखडा आहे.

रेकॉर्ड विकत घेताना

कव्हर नव्हे, तबकडी पाहा, आणि ट्यूबलाइटखाली नव्हे, टॉर्च तिरकी धरून. बोटाच्या नखाला लागणारा ओरखडा ऐकू येणारच. काळी चकाकी जाऊन राखाडी झाक आली असेल तर ती सिरॅमिक सुईची झीज आहे, कितीही धुतलं तरी जाणार नाही. मधल्या भोकाभोवती लेबलवर पुसट रेषांचं जाळं असेल तर रेकॉर्ड खूप वेळा लावली गेली आहे. म्हणूनच चित्रपटगीतांच्या एलपी पुष्कळदा थकलेल्या निघतात आणि शास्त्रीय संगीताच्या तुलनेने ताज्या. सुरुवात रागदारीपासून केली तर कमी पैशांत जास्त चांगल्या खाचा मिळतात, हे आमचं ठाम मत आहे.

एचएमव्हीच्या भारतीय एलपींचा क्रमांक वाचायला शिका. ईएएलपी आणि ईसीएलपीने सुरू होणाऱ्या मोनो, ईएएसडी आणि ईसीएसडीच्या स्टीरिओ. मोनो रेकॉर्ड स्टीरिओ सुईवर बिनधास्त चालते. अँप्लिफायरला मोनोचं बटण असेल तर ते दाबा, खरखर लक्षणीय कमी होते. ७८ च्या तबकड्यांत खोल जायचं असेल तर १९९० मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सचं काम पाहा. जुन्या नाट्यपदांच्या आणि गायकांच्या ध्वनिमुद्रिकांची माहिती या मंडळींनी फार निष्ठेने जमवली आहे.

धुणं आणि ठेवणं

विकत घेतलेली प्रत्येक जुनी रेकॉर्ड वाजवण्यापूर्वी धुवायची. धूळ खाचेत असताना सुई फिरवली की ती धूळच घासायचं काम करते. एलपीसाठी ८०० मिली डिस्टिल्ड पाण्यात २०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बिनवासाच्या भांडी घासायच्या द्रवाचे चार-पाच थेंब. अल्कोहोल इलेक्ट्रॉनिक्सच्या किंवा रसायनांच्या दुकानात मिळतं. गॅसजवळ नेऊ नका. लेबल कोरडं ठेवून मऊ ब्रशने किंवा मायक्रोफायबरने खाचेच्या दिशेने गोल फिरवत धुवा, आडवं घासू नका. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसा आणि भांड्यांच्या जाळीत उभी करून सावलीत वाळू द्या. नळाचं पाणी शेवटच्या हाताला नको, त्यातले क्षार खाचेत राहतात.

७८ च्या तबकडीला अल्कोहोल अजिबात लावायचं नाही, लाख विरघळते. तिला फक्त डिस्टिल्ड पाणी आणि साबणाचा एखादा थेंब, लगेच पुसून कोरडी.

मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात रेकॉर्डवर पांढरी बुरशी धरते. ती बहुतेक वेळा जुन्या कागदी आवरणातून येते, म्हणून रेकॉर्ड धुतल्यावर तेच आवरण परत वापरू नका. आत प्लास्टिकचं अस्तर असलेली नवी घ्या. कपाटात सिलिका जेल ठेवा आणि उघडीप मिळाली की दारं उघडा. रेकॉर्ड्स उभ्या ठेवा, एकमेकींना हलकेच टेकून. आडव्या थप्पीत खालच्या वाकतात आणि ७८ च्या तडकतात. मे महिन्यात बंद गाडीत एलपी तासभर राहिली तरी वाकडी होऊ शकते.

सुई दर एलपीनंतर छोट्या कोरड्या ब्रशने मागून पुढे झटका, बाजूने नाही आणि बोटाने कधीच नाही. चांगल्या हिऱ्याच्या सुईचं आयुष्य ५०० ते १००० तास. रोज एक एलपी ऐकलीत तर हजार तास साधारण चार वर्षांत भरतात. तेवढा काळ लक्षात राहत नाही, म्हणून सुई बसवल्याची तारीख कागदावर लिहून तो टर्नटेबलच्या तळाला चिकटवा.